खांडवा आणि देशी

१९६६ साली, पाऊस सुरू व्हायच्या सुमारास, सिल्वासातल्या परवान्याच्या गांजाच्या दुकानात माल निवडणाऱ्या बाईला चोर ठरवून कामावरून काढण्यात आलं. आरोप असा होता की, ‘खांडवा’ लिहिलेल्या डब्यातला भारी माल तिने काढून घेतला आणि त्या जागी ‘देशी’ लिहिलेल्या डब्यातला हलका माल भरला. आरोप दुकानाच्या शेठने केला. दुकानात नाही, आठवडी बाजारात, भर गर्दीत केला.

मी तेव्हा प्रशासनाच्या कचेरीत भाषांतरकार होतो. इंग्रजी परिपत्रकं मराठीत आणायची, एवढंच काम. त्याआधी मुंबईत एका दैनिकात उपसंपादक होतो. माझी पत्नी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. ती सिल्वासाच्या शाळेत शास्त्र शिकवायची. तिची नेमणूक अजून कायम झालेली नव्हती.

ज्या बाईवर आरोप आला तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. ती खानदेशातली. नवरा रस्त्याच्या कामावर इकडे आला, वारला, आणि ती परत गेली नाही. दुकानात तिचं काम सुपात गांजा घेऊन काड्या आणि बिया वेगळ्या करण्याचं आणि पुड्या बांधण्याचं होतं. दुकान कायदेशीर होतं. माल सरकारी गोदामातून मोहोरबंद गाठोड्यांत यायचा आणि शेठ तो फोडून दोन डब्यांत भरायचा. खांडव्याचा भाव देशीच्या जवळजवळ दुप्पट होता. खांडवा हे गावाचं नाव. देशी म्हणजे कुठला, हे शेठलाही सांगता येत नव्हतं आणि गोदामवाल्यांनाही.

त्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकं तक्रार करू लागली की खांडवा पूर्वीसारखा चढत नाही. शेठने त्यावरून निष्कर्ष काढला. मावशी मामलेदारांकडे गेली आणि म्हणाली, एक तर मला शिक्षा करा, नाही तर हे बोलणं बंद करा. मामलेदारांनी शेठला बोलावून विचारलं, डब्यातला माल बदललाय हे कशावरून? शेठ म्हणाला, दोन माल म्हणजे दोन वेगळी झाडं आहेत, शाळेतल्या शास्त्राच्या बाई तसं लिहून देतील.

बाईंना त्याने तोवर विचारलेलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आला. हातात कागदाच्या दोन पुड्या होत्या.

“मास्तरबेन, एक ओळ पाहिजे,” तो म्हणाला. “ही पुडी खांडव्याच्या डब्यातली, ही देशीच्या. दोघांत देशीच हाय, असं लिहा. मावशीने बदली केला ते सिद्ध होईल.”

पत्नीने पुड्या वर्तमानपत्रावर सोडल्या आणि भिंग घेऊन खिडकीजवळ बसली. दोन्ही पुड्यांत काही शेंडे दाबून चपटे झालेले होते, काही वळून गोल केलेले. तिने दोन्हींतल्या बिया निवडून काढल्या, सुकलेली फुलं सुईने उकलली. चहा गार झाल्यावर तिने भिंग खाली ठेवलं.

“दोन्ही भांगेच्या झाडाचे शेंडे आहेत. मादी झाडाचे. याच्यापुढे मला काही सांगता येणार नाही.”

“भांग वेगळी, बेन. हा गांजा हाय.”

“झाड एकच. पान घोटलं की भांग, मादीच्या फुलांचे शेंडे वाळवले की गांजा, चीक काढला की चरस. झाडाची नावं नाहीत ती, मालाची आहेत.”

“बरं. पण एक इंडिका आणि एक सटायवा. ते तर शास्त्रात हाय ने? दवाखान्यात बाटलीवर इंडिका लिहिलंय. कंपाउंडरने मला दाखवलं.”

तेव्हा तिने त्याला जे सांगितलं ते मी नंतर अनेकदा ऐकलं, म्हणून इथे नीट देऊ शकतो. अठराव्या शतकात स्वीडनमधल्या एका शास्त्रज्ञाने या झाडाला सटायवा हे नाव दिलं. अर्थ एवढाच, की लागवडीचं. त्याच्यासमोर युरोपातलं, दोरासाठी लावलेलं भांगेचं झाड होतं. पुढे एका फ्रेंच शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून गेलेले नमुने पाहिले, ते बुटके आणि जास्त फांद्यांचे वाटले, म्हणून त्याने दुसरी जात मांडली आणि इंडिका म्हटलं. तेव्हापासून वाद चालू आहे. काही ग्रंथ दोन जाती मानतात, बरेचसे एकच. कूळ कुठलं याबद्दलही एकमत नाही. जुनी पुस्तकं त्याला तुतीच्या कुळात घालतात, नवी वेगळं कूळ करतात. औषधवाल्यांनी या भांडणात न पडता हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाला सरसकट इंडिका म्हटलं, आणि तेच नाव बाटल्यांवर छापलं गेलं.

“म्हणजे दवाखान्याच्या बाटलीचा अर्थ एवढाच, की माल हिंदुस्थानातला आहे,” ती म्हणाली. “तुमचे दोन्ही डबे हिंदुस्थानातलेच आहेत ना?”

शेठ हसला. “तर मग भाव दोन कशाला?”

“ते मी कसं सांगू? भाव तुम्ही लावता.”

“बेन, माणसाला चढत नाय. त्याचं काय?”

“माल जुना झाला की उतरतो. गाठोडं किती दिवसांचं होतं?”

शेठ उठला. पुड्या बांधल्या आणि जाता जाता मला म्हणाला, “साहेब, तुम्ही समजवा. मी शाळेच्या कमिटीवर हाय.”

ही धमकी होती की माहिती, हे तेव्हा स्पष्ट झालं नाही. चार दिवसांनी झालं. हेडमास्तर रत्नागिरीकडचे, सरळ मनाचे आणि घाबरट. त्यांनी मला रस्त्यात गाठलं.

“अहो, तुमच्या मंडळींना काय ते सांगा. एक ओळ लिहायची. शाळेचं नाव आणि गांजाचं नाव एका दमात घेतलं तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. शिवाय त्यांचा कायम होण्याचा कागद कमिटीपुढेच जायचा आहे.”

मी निरोप घरी पोचवला. पत्नी वह्या तपासत होती.

“अहो, हेडमास्तरांना विचारा, ओळ काय लिहू? न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहू?”

“ते म्हणतात, गप्प बसलीस तरी चालेल.”

“गप्प बसले तर मावशी चोर ठरते. मग गप्प बसणं आणि लिहून देणं यात फरक काय राहिला?” तिने एक वही मिटून दुसरी उघडली. “कायम नाही केलं तर नाही केलं. डोंबिवलीला शाळा आहेत.”

जूनच्या अखेरीस मामलेदारांनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं. मामलेदार वयस्क, मितभाषी गृहस्थ होते. टेबलावर दोन्ही डबे ठेवलेले होते. शेठ खुर्चीवर, मावशी दाराशी उभी. पत्नीने तिला खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

पत्नीने तिचं म्हणणं मांडलं. दोन्ही डब्यांत एकाच झाडाचे शेंडे आहेत, आणि वाळलेल्या शेंड्यावरून तो कुठल्या गावचा हे शास्त्र सांगू शकत नाही.

“वाळलेल्यावरून नाय सांगता येत, मान्य,” शेठ म्हणाला. “पण उभं झाड असेल तर मी सांगेन. तीस वरस धंदा केला. खांडव्याचं झाड भरलेलं, देशी लुकडं. आंधळा पण सांगेल.”

“मग लावून बघू,” पत्नी म्हणाली. “दोन्ही डब्यांत बिया आहेत. उगवल्या की शेठनी ओळखावं.”

शेठने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “बेन, तुम्ही भणेलं, शिकलेलं माणूस. खांडव्याच्या डब्यात मावशीने देशी भरलाय, असं मी म्हणतो. मग त्या डब्यातलं बी पण देशीच उगवणार. त्यात काय सिद्ध झालं?”

तो बरोबर होता.

“खरं आहे,” ती म्हणाली. “हे माझ्या लक्षात आलं नाही.”

मार्ग मामलेदारांनी काढला. गोदामातून नुकतंच एक खांडव्याचं गाठोडं आलं होतं, मोहोर न फोडलेलं. ते पंचांसमोर फोडायचं, त्यातलं बी घ्यायचं. वादातल्या डब्यातलं बी घ्यायचं आणि देशी डब्यातलंही. तिन्ही बिया वेगवेगळ्या कुंड्यांत, पण कुंडीवर नाव नाही. नाव पत्र्याच्या बिल्ल्यावर, बिल्ला कुंडीच्या तळाला मातीत, आणि कुंड्यांची जागा मामलेदार स्वतः बदलणार. कुंड्या कचेरीच्या आवारात, पहाऱ्यात. फुलं आली की शेठने ओळखायचं, आणि त्याच दिवशी सगळी झाडं उपटून पंचांसमोर जाळायची.

“चालेल?” त्यांनी शेठला विचारलं.

“चालेल काय, दौडेल,” शेठ म्हणाला. “खांडवा आणि देशी मी अलग करून दाखवतो. वादातलं झाड देशीबरोबर बसेल, बघा.”

मग त्यांनी मावशीला विचारलं. ती इतका वेळ जमिनीकडे पाहत होती.

“माले काय विचारता? झाड काय बोलनार शे? मी चोरी केली नही, हाई मी बोलनू. ते कोनी लिहीसनी घेतं नही.”

“लिहून घेतलंय, मावशी,” मामलेदार म्हणाले.

“मंग ते वाचीसनी दाखाडा.”

कारकुनाने वाचून दाखवलं. तेव्हा ती गेली.

पावसाळाभर कचेरीच्या भिंतीलगत त्या कुंड्या उभ्या होत्या. काही बिया उगवल्याच नाहीत, उगवलेली डझनभर झाडं ऑगस्टपर्यंत कमरेएवढी झाली. नरोलीहून, किलवणीहून कामाला आलेली माणसं कचेरीत डोकावून जात. पहारेकऱ्याला लोक विचारत, “काय भाऊ, सरकार शेती करायला लागलं?” तो म्हणायचा, “मी पाणी घालतो, पीक सरकारचं.” शाळेत मुलांनी पत्नीला एक नाव ठेवलं होतं. ते तिच्या कानावर आलं तेव्हा तिने वर्गात फळ्यावर पपईचं नर झाड आणि मादी झाड काढलं आणि तासभर तोच विषय शिकवला.

मावशीला त्या चार महिन्यांत कोणी काम दिलं नाही. भांडी घासायलाही नाही. तिचा भाऊ धुळ्याकडून तिला न्यायला आला आणि आमच्या ओट्यावर बसून दोघांचं बोलणं झालं.

“चाल ना घर. आठे कोन शे तुनं?”

“आते गयी तर चोर गयी म्हंतीन.”

“म्हनू दे. तठे कोन ऐकनार शे?”

“आठे ऐकतंस ना.” ती म्हणाली. “मी आठेच ऱ्हासू.”

भाऊ दुसऱ्या दिवशी एकटा परतला. पत्नीने तिला आमच्याकडे जेवायला ये म्हटलं. ती एकदाही आली नाही. ती अथालच्या वाटेवर रानभाजी खुडून बाजारात विकायला बसायची. लोक भाजी घेत, पण पैसे हातात न देता समोर ठेवत. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

दसऱ्यानंतर काही दिवसांनी झाडांना फुलं आली. मामलेदारांनी दिवस ठरवला. आवारात शंभरेक माणसं जमली असतील. हेडमास्तरही आले आणि मागे उभे राहिले. मामलेदारांनी सगळ्यांना, विशेषतः माझ्या पत्नीला, शेठचं काम संपेपर्यंत न बोलण्याची ताकीद दिली.

शेठ प्रत्येक कुंडीपाशी थांबला. पान हातात धरलं, शेंडा चोळून वास घेतला, दोन पावलं मागे जाऊन झाड पाहिलं. तो गंभीरपणे काम करत होता आणि त्यात नाटक नव्हतं. काही झाडं भरदार होती, शेंड्याला पानाफुलांचा दाट गेंद, हाताला चिकट. काही उंच, सडपातळ, वर विरळ फुलांचे झुपके, हात लावला की पिवळी पूड झडणारी. भरदार झाडं त्याने उजवीकडे ठेवायला सांगितली, सडपातळ डावीकडे. एकाही झाडापाशी तो अडखळला नाही.

निवड अर्ध्यावर आली तेव्हा पत्नीने माझा दंड घट्ट धरला.

“उजवीकडे खांडवा,” शेठ म्हणाला. “डावीकडे देशी. लिहून घ्या.”

कारकुनाने लिहून घेतलं. मामलेदारांनी कुंड्या एकेक करून पालथ्या करायला लावल्या. बिल्ले धुऊन वाचण्यात आले. मोहोरबंद गाठोड्यातली झाडं दोन्ही बाजूंना निघाली. देशी डब्यातली दोन्ही बाजूंना. वादातल्या डब्यातलीही दोन्ही बाजूंना.

शेठ म्हणाला, “बिल्ले बदलले.”

“बिल्ले मी पुरले,” मामलेदार म्हणाले. “मी बदलले असं म्हणायचंय?”

शेठ दोन पावलं मागे सरला.

मग मामलेदारांनी पत्नीला बोलायला सांगितलं. ती डावीकडच्या कुंड्यांपाशी गेली.

“शेठनी वेगळी केली ती बरोबर केली. चूक झाली नाही. फक्त हे देशी नाहीत, नर आहेत.” तिने एक झाड हलवलं, पूड उडाली. “हा पराग. आणि उजवीकडची सगळी मादी. या झाडाचे नर वेगळे, मादी वेगळी, पपईसारखं. शेतात नर दिसला की उपटून टाकतात, कारण तो राहिला तर मादीला बी धरतं आणि माल बिघडतो. तरी एखादा राहतोच, म्हणून सुपात बिया सापडतात. पण नर झाड दुकानात कधी येत नाही. शेठनी तीस वर्षं फक्त मादीचे शेंडे पाहिले. नर आज पहिल्यांदा पाहिला.”

गर्दीत कोणीतरी हसलं. मागून एक आवाज आला, “शेठ, तीस वरस बायकांतच ऱ्हायले.” हशा वाढला. पत्नी हसली नाही.

“हसू नका,” ती म्हणाली. “शेतात न गेलेल्या कोणालाही हेच वाटलं असतं. मला सांगायचंय ते एवढंच, की खांडवा हे नाव डब्यावर आहे, झाडावर नाही. चपटा माल पायाने तुडवून होतो, गोल हाताने वळून. गाव, भाव, घडण, हे सगळं माणसांनी केलेलं. डब्यातला माल बदलला की नाही हे झाड बघून सांगता येत नाही. शेठना नाही, मलाही नाही. मग मावशीला चोर म्हणायला दुसरा पुरावा असेल तर तो आणावा.”

“बेन, तुम्ही तिचा पक्ष घेता,” शेठ म्हणाला.

“हो.”

दुसरा पुरावा नव्हता. झाडं तिथेच उपटून जाळली. धूर कचेरीत शिरला म्हणून कारकुनांना लवकर सोडण्यात आलं आणि त्याबद्दल पुढे बरेच विनोद झाले. जाळण्यापूर्वी पत्नीने परवानगी घेऊन एक नर फांदी आणि एक मादी फांदी शाळेच्या संग्रहासाठी दाबून ठेवली. हेडमास्तरांनी तिला तिथेच गाठलं.

“बाई, निदान वेगवेगळी नावं तरी लिहा. दोन पानांवर एकच नाव, तपासनीस म्हणतील चूक आहे.”

“तपासनीसांना माझ्याकडे पाठवा,” ती म्हणाली.

मामलेदारांनी आरोप सिद्ध होत नसल्याचा निकाल दिला आणि मावशीने कामावर परत जावं असं शेठला सुचवलं. शेठ तयार झाला. त्याला निवडणारं दुसरं माणूस मिळालेलं नव्हतं. मावशीने नकार दिला.

“काम नको माले. माले चोर बजारात म्हनं. आते चोर नही हाई बी बजारातच म्हना.”

“निकाल लिहिलेला आहे, मावशी. तुम्हाला नक्कल मिळेल,” मामलेदार म्हणाले.

“नक्कल कोन वाचनार शे? माले वाचता येत नही, बजारले बी येत नही.”

मामलेदार म्हणाले की शेठला बाजारात उभं करून बोलायला लावणं त्यांच्या अधिकारात नाही. मावशी म्हणाली, मग तोवर मी इथेच बसते. ती कचेरीच्या पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. पत्नी शाळा सुटल्यावर तिच्या शेजारी जाऊन बसायला लागली, वह्यांचा गठ्ठा घेऊन. हेडमास्तर दोनदा रस्त्यावरून गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी मान फिरवली. शेठने मध्यस्थ पाठवला की मावशीला नवं लुगडं देतो, विषय संपवा. तिने मध्यस्थाला विचारलं, लुगड्यावर काय लिहिलेलं शे? मध्यस्थ परत गेला.

आठवड्याच्या अखेरीस मामलेदारांनी निकालाची दवंडी पिटायचा हुकूम केला. मजकूर मराठीत मी केला. गुजरातीत दुसऱ्या कारकुनाने केला. मावशीने तो माझ्याकडून दोनदा वाचवून घेतला आणि एक वाक्य बदलायला लावलं. मी ‘आरोप सिद्ध झाला नाही’ लिहिलं होतं. तिने ‘चोरी झाली नाही’ मागितलं. मामलेदार म्हणाले, ते मला सांगता येत नाही. शेवटी ‘या बाईने चोरी केल्याचा काहीही पुरावा नाही, तिला कोणी चोर म्हणू नये’ यावर दोघं थांबले.

बाजाराच्या दिवशी सिल्वासात दवंडी पिटली गेली. मावशी ढोलकऱ्याच्या मागोमाग चालत होती, भाजीची टोपली डोक्यावर. शेठचं दुकान त्या दिवशी बंद होतं. ते का बंद होतं याबद्दल वेगवेगळं सांगितलं गेलं, खात्री होऊ शकली नाही.

माझ्या पत्नीची नेमणूक त्या वर्षी कायम झाली नाही. ती त्या शाळेत पुढेही शिकवत राहिली. संग्रहातल्या दोन पानांवरची नावं बदलली गेली नाहीत.

सिल्वासानंतर दवंडी नरोलीला गेली, मग किलवणीला. अथालला ती सगळ्यांत शेवटी पिटली गेली आणि मावशी तिथपर्यंत चालत गेली.